पिंगला उत्तर येतं, पण कागद येत नाही

पारोळ्याच्या एका जिनिंगमध्ये अकाउंट सांभाळणाऱ्या भाऊंचा प्रश्न आहे. ऑफिसात पाच कॉम्प्युटर आणि लॅनवर एक लेझर प्रिंटर. परवा संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं. रात्री लाईट गेली, पहाटे आली, आणि सकाळपासून तीन कॉम्प्युटरवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतोय. उरलेल्या दोनवर ‘रेडी’ दिसतो, प्रिंट दिली की रांगेत जाऊन बसते, पण कागद काही बाहेर येत नाही. प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.१०५. तो पिंग केला, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक मारली, तर उत्तर व्यवस्थित येतं. ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकून झाला. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या आणि पेमेंटच्या पावत्या हाताने लिहिणं चालू. आता काय करायचं?

भाऊ, आधी ड्रायव्हरवरचा हात काढा. काल छापणारा प्रिंटर आज गप्प झाला, तर त्यात ड्रायव्हरचा दोष क्वचितच निघतो. ड्रायव्हर हा दुभाषा आहे. तो बिघडला तर प्रिंटर सहसा गप्प बसत नाही, बडबडतो: पानावर दीड ओळ चित्रविचित्र चिन्हं, मग कोरा कागद, मग पुन्हा चिन्हं. तुमच्याकडे तर कागदच हलत नाही. म्हणजे निरोपच पोचत नाहीये.

आणि का पोचत नाही, ते तुमच्या प्रश्नातच लिहिलेलं आहे. लाईट जाऊन आली, पिंगला उत्तर येतंय, तीन कॉम्प्युटर एक बोलतात आणि दोन दुसरंच. पैज लावायची तर मी यावर लावीन की १०५ हा नंबर आता तुमच्या प्रिंटरचा राहिलेला नाही.

तुमच्या गेटवर गाड्यांना टोकन देतात ना, तसंच राउटर करतो. जो कोणी नेटवर्कवर येईल त्याला एक नंबर देतो आणि वहीत नोंद ठेवतो. याला डीएचसीपी म्हणतात. छोट्या ऑफिसात बसवलेल्या बऱ्याच राउटरांची ही वही नुसती मेमरीत असते. लाईट गेली की वही कोरी. पहाटे लाईट आली तेव्हा सगळी यंत्रं एकदम जागी झाली आणि जो आधी पोचला त्याने टोकन उचललं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, अंगठ्याचं हजेरी मशीन, कुणाचा तरी मोबाईल, यांतलं कुणीतरी १०५ घेऊन बसलं. प्रिंटर उशिरा उठला, त्याला दुसरंच टोकन मिळालं. तुमचे पाचही कॉम्प्युटर मात्र अजून १०५ लाच हाका मारताहेत. पिंग एवढंच विचारतं की टोकन १०५ हजर आहे का. तिकडून कुणीतरी ‘हजर’ म्हणतं. गाडी कुणाची, हे पिंग विचारत नाही.

खात्री करायला दोन मिनिटं लागतील. प्रिंटरच्या मागची लॅन केबल काढून हातात धरा आणि कुणालातरी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून १०५ पुन्हा पिंग करायला सांगा. केबल तुमच्या हातात असूनही उत्तर येत असेल, तर तिथे दुसराच कुणी बसलाय. कोण, हे बघायचं असेल तर ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत तोच आयपी टाकून एंटर मारा. डीव्हीआरचं लॉगिन पान उघडलं तर पंचनामा करायची गरजच नाही. काहीच उघडलं नाही तर कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या त्या काळ्या खिडकीत, टाइप करा: एआरपी, मग स्पेस, मग डॅश आणि ए. त्या यादीत १०५ समोर मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे यंत्राला कंपनीने दिलेला नंबर, दिसेल. त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून यंत्र कोणत्या कंपनीचं ते कळतं. हल्लीचे मोबाईल मात्र खोटा मॅक दाखवतात, त्यामुळे यादीत अनोळखी काही दिसलं तर आधी खिशातले फोन तपासा.

आता प्रिंटरकडे चला. तुम्ही सगळे सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून प्रिंटर दुरुस्त करताय, आणि जे यंत्र अडलंय त्यालाच कुणी काही विचारलेलं नाही. केबल परत लावा आणि प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पेज काढा. स्क्रीन असेल तर मेनूत रिपोर्ट्समध्ये सापडेल. नुसतीच बटणं असतील तर बहुतेक मॉडेलमध्ये एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की पान येतं. कोणतं बटण ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये बघा. हे पान काढायला कॉम्प्युटर लागत नाही, नेटवर्क लागत नाही. म्हणून ते फार कामाचं. पान निघालं तर टोनर, ड्रम, फ्यूजर, कागद ओढणारा रोलर हे सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. नाही निघालं तर नेटवर्कची चर्चा तिथेच थांबवा, प्रिंटरच उघडावा लागेल.

पानावर आयपी अ‍ॅड्रेसची ओळ शोधा, आणि तिच्या जवळपास तो नंबर कुठून मिळाला तेही छापलेलं असतं: डीएचसीपी किंवा मॅन्युअल. माझा अंदाज खरा असेल तर तिथे १९२.१६८.१ ने सुरू होणारा पण १०५ नसलेला नंबर दिसेल.

दुसरं काही दिसलं तर? १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर असेल तर प्रिंटरला टोकन मिळालंच नाही, त्याने स्वतःच स्वतःला एक नंबर देऊन टाकला. लाईटच्या बाबतीत हे नेहमीचं. प्रिंटर जागा होऊन नंबर मागत असताना राउटर अजून चालू होत असतो. सगळं चालू झाल्यावर फक्त प्रिंटर बंद करून चालू केला की बहुधा नंबर मिळतो. तरीही १६९ च आला तर केबलकडे बघायचं. १९२.१६८.२९ किंवा १९२.१६८.०, असं मधलं घरच वेगळं निघालं तर ऑफिसात दोन राउटर नंबर वाटताहेत. नवीन फायबर घेतलं, त्या माणसाने स्वतःचा डबा लावला, जुना राउटर कुणी काढला नाही, असं हमखास सापडतं. दोन गेटवर दोन वॉचमन, दोघांची टोकनं वेगळी. एकच वॉचमन ठेवा.

आणि मॅन्युअल १०५ असंच निघालं, तर गंमत वेगळी आहे. धुळ्यात एका पतसंस्थेत मी यात अर्धा दिवस घालवला होता. प्रिंट कधी यायची, कधी नाही. दहा वाजता बंद, साडेदहाला आपोआप चालू, अकराला पुन्हा बंद. केबल बदलली, स्विचचा, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डब्याचा, पोर्ट बदलला, एक कॉम्प्युटर तर फॉरमॅट केला, आज सांगायला लाज वाटते. दुपारी चहा घेऊन आलेला शिपाई सहज बोलला, “दादा, आंगठानं मशीन बी आज चालत नही शे.” त्यावर डोक्यात उजेड पडला. आधीच्या माणसाने प्रिंटरला हाताने नंबर दिला होता, पण राउटर जे नंबर वाटत होता त्यांच्यातलाच. राउटरला हे ठाऊक नव्हतं. त्याने तोच नंबर हजेरी मशीनला दिला. एका टोकनवर दोन गाड्या. प्रिंटर चालायचा तेव्हा हजेरी बंद, हजेरी चालायची तेव्हा प्रिंटर बंद. तेव्हापासून कुठेही गेलो की मी पहिला प्रश्न विचारतो: प्रिंटर सोडून आज आणखी काय चालत नाहीये?

म्हणून प्रिंटरला पक्का नंबर द्यायचा म्हणजे नुसता मॅन्युअल करून सोडायचा नाही. आधी राउटरच्या पानावर जा. १९२.१६८.१.१ ब्राउझरमध्ये टाका. पासवर्ड बहुतेक राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. लॅन किंवा डीएचसीपीच्या पानात तो कुठून कुठवर नंबर वाटतो ते दिसेल. अनेक छोट्या राउटरांमध्ये ही रेंज २ ते २५४ असते, म्हणजे सगळीच्या सगळी. ती १०० ते २०० करा. आता १०० च्या खालचे नंबर आपल्या हाताने वाटायला मोकळे. प्रिंटरला ५० देऊ. देण्याआधी ५० पिंग करून बघा, उत्तर येता कामा नये. मग प्रिंटरच्या मेनूत किंवा त्याच्या वेबपानावर जाऊन मॅन्युअल करा: आयपी १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१.

दुसरी पद्धतही आहे. राउटरमध्येच प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर नंबर राखून ठेवायचा. मोठ्या ऑफिसात मी तीच वापरतो, कारण सगळा हिशेब एका जागी राहतो. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसात मात्र इंटरनेटवाला दर दीड-दोन वर्षांनी राउटर बदलून जातो आणि राखीव नंबर त्या राउटरबरोबर जातो. त्यामुळे तुम्हाला मी प्रिंटरवरच पक्का करायला सांगीन. नवीन राउटर आला की लावणाऱ्याला तिथल्या तिथे सांगायचं, याचा पत्ता १९२.१६८.१.१ कर, मगच पैसे घे.

आता कॉम्प्युटर. पण त्याआधी एक काम, आणि ते विसरू नका. सकाळपासून पाच जणांनी मिळून किती वेळा प्रिंट दाबलंय? नंबर जुळला की रांगेतलं सगळं धडाधड बाहेर पडेल. एका जिनिंगमध्येच मी एका शेतकऱ्याच्या पावतीच्या अकरा प्रती निघालेल्या पाहिल्या आहेत, आणि त्यातली एक दुसऱ्या दिवशी पुन्हा पेमेंटच्या ट्रेमध्ये सापडली. शेठ माझ्याकडे बघत होते. तेव्हा आधी रांग रिकामी करा. प्रिंटरच्या खिडकीतून कॅन्सल होत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवा, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर उघडा आणि आतल्या फायली उडवा. फोल्डर उडवू नका, फक्त आतलं. मग स्पूलर पुन्हा चालू. हे पाचही कॉम्प्युटरवर.

नंतर प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये तुमचा प्रिंटर, त्यात प्रिंटर प्रॉपर्टीज, त्यात पोर्ट्सचा टॅब. इथला पोर्ट म्हणजे प्रिंट कुठे पाठवायची त्याची नोंद. टिक लावलेली ओळ वाचा, कारण तीन आणि दोनचं कोडं इथे सुटतं. ज्या दोन कॉम्प्युटरवर ‘रेडी’ दिसतं, तिथे बहुधा १०५ चा टीसीपी आयपी पोर्ट असेल आणि कॉन्फिगर पोर्ट दाबल्यावर खाली एसएनएमपी स्टेटसची टिक काढलेली दिसेल. ही टिक असली की विंडोज त्या नंबरला अधूनमधून विचारतं, बाबा रे, तू प्रिंटर आहेस का, ठीक आहेस का? डीव्हीआर याला काय उत्तर देणार? उत्तर नाही म्हणजे ‘ऑफलाइन’. टिक काढलेली असली की विंडोज विचारतच नाही आणि ‘रेडी’ गृहीत धरतं. म्हणजे दोन्हीकडे दुखणं एकच. ‘ऑफलाइन’ हे प्रिंटर बोलत नसतो, तो विंडोजचा अंदाज असतो.

तीनपैकी एखाद्यावर पोर्टचं नाव डब्ल्यूएसडीने सुरू होत असेल. विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून लावला की तो असा लागतो. पत्ता बदलला तरी मी शोधून काढीन, असा त्याचा दावा. घरी एका लॅपटॉपला ठीक आहे. ऑफिसात मला तो अजिबात आवडत नाही. राउटर बदलला, फायरवॉल जरा कडक झाली, की शोध लागत नाही आणि पुन्हा ऑफलाइन. दिसला की मी काढतो.

करायचं काय? टीसीपी आयपी पोर्ट असेल तर कॉन्फिगर पोर्टमध्ये १०५ चा ५० करा. डब्ल्यूएसडी असेल तर अ‍ॅड पोर्ट, त्यात स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट, आयपी ५० चा, प्रोटोकॉल रॉ, पोर्ट नंबर ९१००. हा ९१०० एचपीच्या जुन्या जेटडायरेक्ट कार्डांपासून चालत आलेला आहे आणि आज जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे नेटवर्क प्रिंटर तो ऐकतात. एसएनएमपीची टिक काढा. त्याने प्रिंटरमधला कागद संपलेला कॉम्प्युटरवर कळणार नाही कदाचित, पण प्रिंटर दहा पावलांवर आहे, डोळ्यांनी दिसतो. ड्रायव्हर जसा आहे तसा राहू द्या. तीनदा टाकलाय, तर प्रिंटरच्या यादीत ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी पिलावळ झाली असेल. त्यातला एक ठेवून बाकीचे उडवा, नाहीतर उद्या मुनीमजी मेलेल्या कॉपीवर प्रिंट देतील आणि फोन मला येईल.

तिथेच खाली ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ असं असतं, ते बंद करा. ते चालू असलं की शेवटी जिथे प्रिंट दिली तोच डिफॉल्ट होतो. कुणी एकदा पीडीएफ बनवली की पुढच्या पावत्या पीडीएफकडेच जातात.

आता टेस्ट पेज द्या. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५० टाकल्यावर प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतंय, विंडोजचं टेस्ट पेज निघतंय, पण टॅलीतून निघत नाही, असं झालं तर तो प्रश्न टॅलीतल्या प्रिंटरच्या निवडीचा; नेटवर्कला शिव्या देऊ नका. ब्राउझरमध्ये पान उघडतंय आणि टेस्ट पेजही निघत नाही, तर आता ड्रायव्हरवर संशय घ्यायला माझी हरकत नाही.

केबलबद्दल थोडं, कारण जिनिंगमध्ये ती वेगळी गोष्ट असते. लॅनच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. ऑफिसपासून वजनकाट्याच्या केबिनपर्यंत अंगणातून फिरवून नेलेली केबल ती सहज ओलांडते, आणि मग काट्यावरचा कॉम्प्युटर कधी दिसतो कधी नाही. मधे एक स्विच टाकावा किंवा फायबर ओढावी. रुईचे तंतू स्विचच्या जाळीत जाऊन बसतात. वैशाखात पारा ४४-४५ वर गेला की असा गुदमरलेला स्विच दुपारी झोपतो आणि रात्री उठतो. सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा ब्लोअर मारून घ्या. प्रिंटरच्या लॅन सॉकेटजवळचे दिवे बघायची सवय ठेवा: दिवाच नाही म्हणजे केबल, जॅक किंवा स्विचचा पोर्ट. त्यात विंडोज काही करू शकत नाही. उंदरांचं तर मी बोलतच नाही.

काही ठिकाणी प्रिंटर यूएसबीने एकाच कॉम्प्युटरला लावून शेअर केलेला असतो. तुमचा तसा नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचा असेल. तिथे शेवटी ११बी असलेला एरर येतो. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमधली प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेली भोकं उघडी पडली, त्या वर्षभरात शेअर प्रिंटिंगचे नियम कडक होत गेले आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर हा एरर जिकडेतिकडे दिसू लागला. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून तो घालवता येतो आणि सगळे तेच करतात. मी टाळतो, तो आकडा म्हणजे बसवलेली कडी पुन्हा काढणं. दोन्हीकडचं विंडोज अपडेट करा, आणि प्रिंटरला लॅनचं सॉकेट असेल तर शेअरिंगचा नाद सोडून त्याला सरळ स्विचला जोडा. मुनीमजींचा कॉम्प्युटर बंद म्हणून सगळ्यांचा प्रिंटर बंद, हा त्रासही जातो.

वायफायवर प्रिंटर असेल तर दोन गोष्टी तपासा: बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर बोलतात, आणि गेस्ट वायफायला जोडलेला प्रिंटर आतल्या कॉम्प्युटरना दिसत नाही. शक्य असेल तिथे केबल लावा.

राहिला लाईटचा प्रश्न, तो काही आपल्या हातात नाही. राउटर आणि स्विच छोट्या युपीएसवर घ्या. दोघं मिळून फार वीज खात नाहीत, आणि वही कोरी होणं थांबतं. लेझर प्रिंटर मात्र त्या युपीएसला चुकूनही लावू नका. त्याचा फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि तापताना एकदम इतकी वीज ओढतो की युपीएस किंचाळून सगळ्यांना घेऊन बसतो. प्रिंटर भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटवर. लाईट आल्यावर तो शेवटी चालू करायचा, हे सकाळी ऑफिस उघडणाऱ्याला सांगून ठेवा. आणि १९२.१६८.१.५० हा नंबर जाड मार्करने लिहून प्रिंटरच्या समोरच चिकटवा, मागे नको. मागे चिकटवलेला नंबर वाचायला प्रिंटर ओढतात आणि ओढताना केबल निघते.